रुग्णाचे गुपित हीदेखील अमानत



अमानत म्हटले की कुणी विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे किंवा दागिने आपल्याला आठवतात. सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा आहे. ती केवळ धनापुरती नाही. आजारी माणूस डॉक्टरांना जे सांगतो, तीही अमानतच.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा अंकी आभा क्रमांकाला तपासण्या, निदान व औषधे जोडता येतात. अहमदपूरच्या रुग्णाला लातूर किंवा नांदेडला हलवावे लागले, तर जुनी कागदपत्रे मोबाइलवरूनच दाखवता येतात. सोय मोठी आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय ही माहिती कुणी पाहू नये आणि दिलेली संमती मागे घेता यावी, असा नियमही आहे. परंतु आपल्या घरात आईचा मोबाइल मुलाच्या हाती असतो, सुनेचा नवऱ्याच्या. ओटीपी कुणी सांगितला, कशासाठी, हे तिला ठाऊकही नसते! तिला समजावून न सांगता घेतलेली परवानगी ही परवानगी कशी?

आदरणीय अनस (रजि.) लहान असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एका कामासाठी पाठविले. घरी परतायला उशीर झाला. आईने कारण विचारले, तेव्हा ते गुपित असल्याचे त्यांनी सांगितले. आई रागावली नाही. प्रेषितांचे गुपित कुणालाही सांगू नकोस, अशी तिने उलट ताकीद दिली. हे सहीह मुस्लिममध्ये नोंदलेले आहे. आणि आपण? नात्यातल्या कुणाचा तपासणी अहवाल ‘दुआ करा’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. दुआसाठी अहवाल लागत नाही. टीबीचे उपचार किमान सहा महिने चालतात. मोहल्ल्यातील कुजबुजीच्या भीतीने एखादीने औषध अर्धवट सोडले, तर तिच्या जिवाशीच गाठ.

निकाहाची गोष्ट मात्र वेगळी आहे. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी आपल्याला मागणी घालणाऱ्या दोघांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्यातील उणिवा स्पष्ट सांगितल्या. म्हणून जोडीदाराच्या आरोग्याला धोका असलेला आजार लपवून निकाह लावणे ही फसवणूकच. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्यानेही संमतीविना माहिती उघड करण्यास मनाई करून जोडीदाराला धोका असल्यास त्याला सांगण्याची वाट काही अटींवर मोकळी ठेवली आहे. सांगायचे ते ज्याचा निकाह व्हायचा आहे, त्यालाच. मध्यस्थाला नव्हे, चुलत्या-मावश्यांनाही नव्हे.