स्तन राखायचा की काढायचा: निर्णय कोणाचा?

स्तनाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडला, तर बहुतेक स्त्रियांपुढे शस्त्रक्रियेचे दोन मार्ग असतात. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून स्तन राखायचा व नंतर रेडिएशन घ्यायचे, किंवा पूर्ण स्तन काढायचा. विल्यम हाल्स्टेड यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही जात, आणि कित्येक दशके तोच खरा उपाय मानला गेला. मिलानमध्ये उम्बेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी 1970च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही मार्गांनी स्त्रिया सारख्याच जगल्या. स्तन राखलेल्यांत रेडिएशनमुळे फरक पडला तो त्याच स्तनात रोग उलटण्याचा: फिशर यांच्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के, तर रेडिएशनही घेतलेल्यांत 14 टक्के होते.

आयुष्य दोन्हींकडे सारखेच असेल, तर यापुढचा प्रश्न एकट्या वैद्यकशास्त्राचा उरत नाही. एकीला देह अखंड राहावा असे वाटते, दुसरीला तपासण्यांची धास्ती नको असते. यांतले कोणते मोठे, हे मोजणारे यंत्र नाही. ते ज्या देहात घडणार, त्या देहाची मालकीणच सांगू शकते.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सारे ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला त्याचा पूर्ण विचार करून इच्छेप्रमाणे वागायला सांगतो. सांगणारा ईश्वर असूनही निर्णय ऐकणाऱ्याचा राहतो. त्यानंतर तो स्वतःचे मतही देतो, आणि तेही आपलेपणाने. डॉक्टरांसाठी हा क्रम मोलाचा आहे: आधी माहिती, मग मोकळीक, मग हवा तर सल्ला. ‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा’ असे एखादीने म्हटले, तर तीही निवडच. फक्त ते तिच्या तोंडून यायला हवे, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 च्या निकालात हेच सांगितले. त्या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले होते. जिवावरचा प्रसंग नसताना सज्ञान स्त्रीच्या जागी आईची संमती चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

पण संमतीच्या कागदावर न दिसणारी एक सक्ती असते, ती रस्त्याची. कल्याण-शीळ रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो तो शीळफाटा वाहनांच्या कोंडीसाठी सर्वांना ठाऊक आहे. इथल्या स्त्रीने परळचे टाटा रुग्णालय किंवा खारघरचे त्याचे केंद्र निवडले, तर रेडिएशनसाठी आठवड्यातले पाच दिवस, साधारण तीन आठवडे तिला जावे लागते. पूर्वी हा काळ पाच आठवड्यांचा असे. रोजंदारी बुडते, सोबतीला येणाऱ्याचीही बुडते. अशा वेळी ‘काढूनच टाका’ हे उत्तर मनातून आले की खिशातून, हे विचारलेच पाहिजे. मनातून आले असेल तर त्याचा पूर्ण आदर हवा; स्तन काढणारी स्त्री मागासलेली नसते. खिशातून आले असेल, तर राहण्याची सोय, प्रवासखर्च आणि कमी दिवसांचे रेडिएशन यांची चौकशी आधी व्हावी. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत एका आठवड्यात पाच वेळा दिलेले रेडिएशन पाच वर्षांपर्यंत तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा कमी ठरले नाही. शिवाय काखेतील गाठींत रोग पोचला असेल, तर स्तन काढूनही रेडिएशन लागू शकते, हे आधीच सांगायला हवे.

प्रत्येकीला दोन्ही मार्ग खुले नसतात. रोग स्तनात अनेक ठिकाणी पसरला असेल किंवा छातीला आधी रेडिएशन दिलेले असेल, तर बहुधा स्तन काढावाच लागतो. गाठ मोठी असल्यास कधी आधी केमोथेरपी देऊन ती लहान करता येते. जिला दोन्ही मार्ग खुले आहेत, तिने ‘उद्याच ऑपरेशन’ या घाईला बळी पडू नये. तपासण्या पूर्ण झाल्यावर विचारासाठी आठवडाभर घेतल्याने सहसा नुकसान होत नाही. तेवढा वेळ डॉक्टरांकडे मागून घ्यावा, आणि घरच्यांनी तो तिला द्यावा.