आधी जुन्या पट्ट्या आण

मान खाली घालून उभा राहू नकोस. इकडे स्क्रीनकडे बघ. पिंपळगाव बसवंतच्या ज्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर तुला प्रोजेक्टला मिळालं, तिथे शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी पडते. मालाचं वजन, भाव, त्यातून होणाऱ्या वजावटी, आणि खाली हाती येणारी रक्कम. तिच्यावर खतवाल्याचं देणं आणि पोरांची फी ठरलेली असते. ती पट्टी काढणाऱ्या कोडच्या तू एका रात्रीत नऊशे ओळींच्या तीनशे केल्यास. टेस्ट किती लिहिल्यास? एकही नाही!

'सर, कोड फार घाण होता.' घाण नव्हता, तुला कळला नव्हता. आडतीची अट निरुपयोगी वाटली म्हणून उडवलीस ना? अरे, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय 2016 सालचा. त्याआधीची पट्टी पुन्हा छापायची तर तीच अट लागते. जुना कोड प्रत्येक वजावटीनंतर पूर्ण रुपया धरायचा, तू शेवटी एकदाच धरलास. आता पट्टी आणि खतावणी जुळत नाही. तो फरकाचा रुपया कोणाच्या खिशातून जाणार? फाइंड-रिप्लेसने 'रेट' बदललास, त्यात टोमॅटोच्या 'क्रेट'चीही वाट लावलीस. नाव बदलायची सोय एडिटरमध्ये असते, ती वापरायला किती वेळ लागला असता?

मायकेल फेदर्सने 2004 च्या पुस्तकात सांगून ठेवलंय, ज्याला टेस्ट नाहीत तो लेगसी कोड. म्हणजे तुझा कालचा कोडसुद्धा. 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, तिथला वापरातून गेलेला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात सुमारे 44 कोटी डॉलर बुडाले. तिथे बुडाली ती कंपनी. इथे पिंपळगावला माल आणणारा एखादा शेतकरी बुडेल, आणि त्याला कारणही कळणार नाही.

गिटवरून मूळ प्रत परत घे. उद्या पहिल्या एसटीने पिंपळगावला जा. कांद्याच्या, टोमॅटोच्या, 2016 च्या अलीकडच्या-पलीकडच्या पन्नास पट्ट्यांच्या नकला आण. प्रत्येकीची एक टेस्ट, आणि जुना कोड आज जे उत्तर देतो तेच तिच्यात लिहायचं, तुला चुकीचं वाटलं तरी. चूक निघालीच तर मालकांना विचारून, वेगळ्या कमिटमध्ये दुरुस्त कर. पन्नासही पास झाल्या की एक फंक्शन वेगळं काढ, टेस्ट चालव, कमिट कर. मग दुसरं.

मी उद्या सात वाजेपर्यंत लॅबमध्ये आहे. पट्ट्या घेऊनच ये.