मागच्याची थकबाकी

कर्म ज्याने केले त्यालाच त्याचे फळ मिळावे आणि ज्याने ते केले नाही त्याच्या वाट्याला ते येऊ नये, ही अपेक्षा भारतीय दर्शनांनी इतकी मूलभूत मानली आहे की, एखाद्या सिद्धान्तामुळे या अपेक्षेला बाध येतो एवढे दाखवून दिले तरी त्याचे खंडन झाले असे समजले जाई. हा बाध दोन प्रकारचा असतो. केलेल्या कर्माचे फळ वाया जाणे म्हणजे कृतप्रणाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ अंगावर येऊन पडणे म्हणजे अकृताभ्यागम. न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय याच दुसऱ्या दोषाच्या उल्लेखाने संपतो. संसार अनादी आहे हे ब्रह्मसूत्रभाष्यात सिद्ध करताना शंकराचार्यांनी याच दोषांचा आधार घेतला आहे. आणि बाराव्या शतकात जैन आचार्य हेमचंद्राने बौद्धांच्या क्षणिकवादावर, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नाश पावून नव्याने उत्पन्न होते या मतावर, जे आक्षेप घेतले त्यांत हे दोन दोष सर्वांत आधी मांडले. हा वाद जन्मजन्मांतरीच्या कर्माविषयी असला, तरी त्याचा रोजच्या जगण्याशी संबंध उरलेला नाही असे मानण्याचे कारण नाही, कारण नव्या गावात बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाला हे दोन्ही दोष बहुधा पहिल्या वीजबिलाबरोबरच भेटतात.

अशा कुटुंबाच्या मनस्तापाची नोंद सामान्यतः ‘गैरसोय’ या सदराखाली केली जाते. विजेचे मीटर आधी राहून गेलेल्या कोणाच्या तरी नावावर असते, पाणीपट्टीची जुनी बाकी निघते, गॅसचे कार्ड नव्या एजन्सीकडे वर्ग व्हायचे राहून गेलेले असते, इंटरनेटवाला ‘उद्या माणूस पाठवतो’ असे रोज सांगत राहतो. यांतील शेवटच्या प्रकारात तत्त्वचिंतनाला फारसा वाव नाही. तो आळशीपणाचा किंवा माणसांच्या टंचाईचा प्रश्न असतो आणि त्याचा उपायही व्यवहारातच सापडतो. परक्याच्या थकबाकीने येणारा संताप मात्र निराळ्या जातीचा आहे. वादळाने तार तुटून दोन रात्री अंधारात काढाव्या लागल्या तर माणूस मेणबत्ती लावून त्या निभावतो आणि फारशी कुरकुर करत नाही. तोच माणूस मागच्या भाडेकरूने बुडवलेल्या तीन-चारशे रुपयांसाठी वीज कार्यालयाचे खेटे घालतो, आणि रिक्षाचे भाडे त्या रकमेच्या वर गेले तरी हटत नाही. सोयीच्या हिशेबाने हा शुद्ध खुळेपणा आहे. कर्मफलाच्या हिशेबाने पाहिले तर मात्र तो न्यायदर्शनाचीच बाजू, तिचे नावही न घेता, लढवत असतो.

प्रतिपक्षाची बाजू समजून घ्यायची तर वीजबिलाचा कागद जवळून पाहावा लागतो. त्यावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, मागील रीडिंग आणि चालू रीडिंग यांचे रकाने असतात, थकबाकीचा रकाना असतो, आणि या सर्वांत ज्याच्या बदलण्याने किंवा न बदलण्याने हिशेबाला काहीच फरक पडत नाही अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे नाव. महाराष्ट्रात कितीतरी घरी वर्षानुवर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाने बिल येते, नातवंडे ते भरतात आणि नावबदलाचा अर्ज पुढच्या महिन्यावर ढकलतात. स्वर्गस्थ आजोबा खातेवहीत नियमित ग्राहक म्हणून नांदत असतात. या खातेवहीच्या तत्त्वज्ञानात टिकून राहणारी वस्तू मीटर ही आहे, आणि माणसे त्यावरून येत-जात राहणारे क्षण आहेत. देहांतरातही टिकणारा आत्मा कर्माचा वाहक असतो हे नैयायिकांचे मत तेथे चालत नाही. तेथे बौद्धांचा संतान, म्हणजे स्थिर आत्म्याशिवायच पुढे वाहणारा घटनांचा प्रवाह, मान्य केलेला दिसतो.

बौद्धांनी हेमचंद्राच्या कितीतरी आधी या आक्षेपाला उत्तर दिलेले होते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद नागसेन भिक्षूला विचारतो की, मरणारा आणि पुन्हा जन्मणारा हे एकच नसतील, तर जुन्या पापातून माणूस सुटला असे होणार नाही काय? नागसेन आंबे चोरणाऱ्याचा दाखला देतो. मालकाने लावलेले आंबे निराळे आणि आपण तोडले ते निराळे, असा बचाव चोराने केला तर राजा त्याला सोडणार नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच आलेले असतात. उत्तर बिनतोड आहे, परंतु ते कशाच्या बळावर उभे आहे हे नीट पाहिले पाहिजे. पूर्वीचे आणि नंतरचे यांच्यात उत्पादक संबंध आहे, एकातून दुसरे निपजले आहे, म्हणून जबाबदारी पुढे सरकते. मागचा भाडेकरू आणि नवा भाडेकरू यांच्यात असा कोणताही संबंध नसतो. एक दुसऱ्यातून निपजलेला नसतो, त्यांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते, दोघांच्या डोक्यावरचे छप्पर तेवढे एकच असते. नागसेनाचा प्रवाह कर्माचा आणि चित्ताचा होता, चार भिंतींचा नव्हता. त्यामुळे जागेला चिकटलेली थकबाकी वसूल करणाऱ्यांना बौद्ध मताचाही आधार मिळत नाही, आणि अकृताभ्यागमाचा दोष त्यांच्या माथी राहतोच.

आधार मिळतो तो दर्शनांत नव्हे, धर्मशास्त्रात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादान, म्हणजे कर्जाची देवघेव आणि वसुली, या प्रकरणात असा नियम आहे की मृताचे रिक्थ, म्हणजे मागे राहिलेली मालमत्ता, जो घेतो त्याने त्याचे ऋणही फेडावे. आणि पुत्र-पौत्रांवरही पित्याचे ऋण फेडण्याचे कर्तव्य सोपवताना मद्य, द्यूत यांसाठी काढलेले कर्ज त्यातून वगळले आहे. विज्ञानेश्वराने या स्मृतीवर लिहिलेल्या मिताक्षरा टीकेमुळे हा विचार हिंदू कायद्यात दीर्घकाळ टिकला, आणि केवळ पुत्रधर्म म्हणून पित्याचे कर्ज वसूल करण्याची वाट हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने बंद केली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत या जुन्या विचाराचे पडसाद ऐकू येतात, हे कदाचित ती लिहिणाऱ्यांच्याही लक्षात आले नसेल. आधीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची थकबाकी जागेवरचा बोजा म्हणून नव्याकडे येते, पण कायदेशीर वारसाखेरीज इतरांच्या बाबतीत ती जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरतीच, असे त्या संहितेने ठरवले. वारसाला सूट नाही आणि परक्याला मर्यादा आहे, ही विभागणी रिक्थाच्या तत्त्वाला धरूनच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये केरळ राज्य विद्युत मंडळाच्या प्रकरणात हाच प्रश्न विस्ताराने तपासला. त्या अपिलांत प्रामुख्याने लिलावात ‘आहे तसे, आहे तिथे’ या अटीवर मालमत्ता घेणारे खरेदीदार होते, आणि वैधानिक नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट वैध ठरते, असा निर्णय झाला. खरेदीदाराच्या बाबतीत हे न्याय्य म्हणता येईल, कारण तो मालमत्ता घेतो, आधी चौकशी करू शकतो आणि थकबाकी पाहून किंमत उतरवून मागू शकतो. भाडेकरू यांपैकी काहीच करत नाही. तो रिक्थ घेत नाही, फक्त राहायला येतो, आणि तरीही दारावर वसुलीला येणारा माणूस त्यालाच गाठतो, कारण मालक दूर शहरात असतो. धर्मशास्त्राची मर्यादा नेमकी येथे ओलांडली जाते, आणि नवख्याच्या संतापाला येथे पूर्ण आधार आहे असेच म्हटले पाहिजे.

कृतप्रणाशाचा अनुभव याच्या उलट दिशेने येतो. बिल मोबाइलवरून भरले जाते, बँकेतून पैसे कापले जातात, आणि वीज कार्यालयाच्या पडद्यावर मात्र बिल भरलेले दिसत नाही. पूर्वमीमांसकांपुढे असाच पेच होता: यज्ञ तर काही काळात संपतो आणि स्वर्ग मिळतो तो मरणोत्तर, मग मधल्या काळात कर्माचे फळ कोठे असते? त्यासाठी त्यांनी ‘अपूर्व’ नावाची अदृष्ट शक्ती मानली, जी संपलेल्या कर्माला आणि न आलेल्या फळाला जोडून ठेवते. पैसे कापले गेल्यापासून ते जमा दिसेपर्यंतच्या काळात ग्राहकाला अपूर्वावरच श्रद्धा ठेवावी लागते. फरक इतकाच की मीमांसकांचे अपूर्व हरवत नसे. मीमांसेतील आणखी एक विचार येथे उपयोगी आहे. यज्ञातील बहुतेक कृती ऋत्विज, म्हणजे दक्षिणा देऊन नेमलेले पुरोहित, करतात, पण फळ यजमानाचे असते, कारण कृती विकत घेणारा तो असतो. मीटर वाचणारा मुलगा कंत्राटदाराचा, बिल छापणारी संस्था निराळी, तक्रार ऐकणारे केंद्र तिसऱ्याचेच, अशी आजची रचना असली तरी यजमान, म्हणजे वीज कंपनी, एकच आहे, आणि ऋत्विजाच्या चुकीकडे बोट दाखवून त्याला मोकळे होता येत नाही.

तरीही तो मोकळा होतो, आणि कसा होतो हे वीज कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहिले की कळते. ‘सिस्टिमच घेत नाही’ हे वाक्य तेथे जितक्या शांतपणे उच्चारले जाते तितक्या शांतपणे क्वचितच दुसरे काही बोलले जात असेल. संतापलेल्या माणसाला बौद्ध आचार्य शांतिदेवाने ‘बोधिचर्यावतारा’च्या सहाव्या परिच्छेदात दिलेला युक्तिवाद जवळजवळ असाच आहे: पित्तामुळे दुःख होते तरी पित्तावर कोणी रागावत नाही, कारण ते कारणांच्या अधीन असते, मग माणसेही कारणांच्याच अधीन असताना त्यांच्यावर का रागवावे? काठी मारते, पण राग काठीवर येत नाही, ती चालवणाऱ्यावर येतो, आणि तो चालवणाराही द्वेषाने चालवलेला असतो. खिडकीमागचा कारकून या दृष्टीने काठीच आहे. त्याच्यावर ओरडण्यात काही हशील नाही, हा शांतिदेवाचा सल्ला स्वीकारण्याजोगा आहे. पण हा सल्ला सोसणाऱ्याला दिलेला आहे. सोसायला लावणाऱ्यानेच तो उचलून ‘येथे कर्ता कोणी नाहीच’ असे म्हणायला सुरुवात केली, तर क्षांतीच्या, म्हणजे सहनशीलतेच्या, साधनेचे रूपांतर पळवाटेत होते.

इंग्रज तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ मध्ये मांडलेला भेद येथे लागू पडतो. माणसांविषयी राग, कृतज्ञता, क्षमा या भावना बाळगणे म्हणजे त्यांना आपल्या बरोबरीचे कर्ते मानणे, आणि त्या भावना बाजूला ठेवून पाहणे म्हणजे त्यांना हाताळण्याची वस्तू मानणे, असे त्यांचे म्हणणे होते. या यादीतील क्षमा महत्त्वाची आहे. पैठणला गोदास्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एकजण पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते न रागावता पुन्हा पुन्हा नदीवर गेले, ही परंपरेने सांगितलेली कथा शांतीचा आदर्श म्हणून ऐकवली जाते. परंतु तीत थुंकणारा समोर उभा होता, आणि म्हणूनच तो शेवटी ओशाळू शकला. सिस्टिमला ओशाळता येत नाही. कर्ताच नाहीसा केला की रागाला जागा राहत नाही हे खरे, पण क्षमेलाही राहत नाही, आणि नवख्याला क्षमाशील होण्याची संधीसुद्धा नाकारली जाते.

हरवलेला कर्ता शोधून काढण्याचा एक गंभीर प्रयत्न न्यायालयात झालेला आहे. लखनऊ विकास प्राधिकरणाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९३ मध्ये, सार्वजनिक संस्थांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतात असे ठरवतानाच, छळाबद्दलची भरपाई अखेरीस जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावी असे सांगितले. यामागचा विचार असा की संस्थेने भरपाई दिली तर ती करदात्याच्या पैशातून जाते, म्हणजे एकावरचा अकृताभ्यागम दूर करताना तो लाखोंवर वाटून टाकला जातो. तत्त्वतः ही भूमिका निर्दोष आहे. व्यवहारात मात्र चौकशी उतरत-उतरत सर्वांत खालच्या माणसापाशी, म्हणजे काठीपाशीच, थांबण्याची धास्ती असते, आणि कंत्राटी कामगारांच्या काळात ती वाढलेली आहे.

घरमालकांनी यावर काढलेला तोडगा दर्शनकारांच्या वादाहून साधा आहे. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात बिले भरण्याची जबाबदारी लिहिलेली असते, जागा सोडताना मीटरचा फोटो काढला जातो, आणि शेवटचे बिल येईपर्यंत अनामत रकमेतला काही भाग मालक आपल्याकडे ठेवून घेतो. गेलेल्याचे कर्म आणि मागाहून येणारे फळ यांना जोडणारा वाहक म्हणून आत्मा, संतान किंवा अपूर्व यांतले काहीच मानण्याची गरज तेथे पडत नाही. मात्र मालकाने अनामत घेतली आणि बिल भरले नाही, तर पुढच्या भाडेकरूच्या दारी वसुलीची नोटीस येते, आणि त्या पैशांचा त्याने कोणाकडे हिशेब मागायचा हे भाडेकरारात लिहिलेले नसते.