संदेशाची स्पष्टता : २० गुण

गेल्या दिवाळीत माझ्या एका जुन्या मित्राने भिंतींवर लेख लिहिला. शाळा-कॉलेजांतली मुलं एकत्र जमून उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणं, महापालिकेच्या संरक्षक भिंती रंगवतात, त्यावरून 'पाणी वाचवा', 'लेक वाचवा' असं सांगतात, आणि हीच आपल्या काळातली खरी लोककला आहे, असं त्याचं म्हणणं. तिथवर ठीक. पण पुढे 'काही समीक्षक' या भित्र्या अनेकवचनाआडून त्याने मला गाठलं. मुलांच्या चित्रांत रेषेचे दोष काढणारे हे लोक काचेच्या कपाटातल्या कलेचे राखणदार आहेत; मुलांनी एकत्र येणं हीच कला, चित्र नुसतं निमित्त, अशी त्याची मांडणी. मी एका व्याख्यानात या भिंतींना 'रंगीत परिपत्रकं' म्हणालो होतो, ते त्याच्या जिव्हारी लागलेलं दिसतं. उत्तर द्यायला मी वर्ष लावलं. दिवाळी अंकातली भांडणं याच वेगाने चालतात.

'रंगीत परिपत्रक' हा शब्द मी मागे घेत नाही. कुठल्याही शहरात जा, तीच पृथ्वी दिसेल, तोंडात थर्मामीटर धरून आजारी पडलेली. तोच नळ, त्यातून टपकणारा तोच एक थेंब, थेंबात तेच रोपटं. झाडाच्या खोडातून वर आलेली तीच बाई. मुलांच्या डोक्यातून ही चित्रं निघालेली नसतात. ती मोबाइलवर सापडतात, तीही बहुतेकदा सरांच्या. मुलं चौकोन आखून ती मोठी करतात आणि सांगितलेले रंग भरतात. कोपऱ्यात गांधीजींचा चष्मा असतोच. स्वच्छ भारतचं हे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं. २०१४ साली देशभरातून आलेल्या प्रवेशिकांतून ते निवडलं गेलं. दोन काचा, मधली दांडी, काम झालं. एवढं नेमकं काम ज्या भिंतीवर बसवतात, त्या भिंतीला मात्र कुठे थांबायचं ते कळत नाही.

या भिंती रंगतात कधी, तेही पाहा. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहरांचे क्रमांक लागू लागले. क्रमांक यायचा तर शहर देखणं दिसायला हवं, आणि देखणं दिसण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फुकटात रंगवणारे हात. रंगाचे डबे प्रायोजकाचे, वडापाव नगरसेवकाचा, प्रमाणपत्र कॉलेजचं. एरवी याच भिंतीवर मुलांनी स्वतःहून काही काढलं असतं, तर मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहेच.

लोकजागृतीची सर्वांत यशस्वी भिंत पाहायची असेल, तर कुठल्याही जुन्या सरकारी इमारतीचा जिना चढा. कोपऱ्याकोपऱ्यात गणपती, साईबाबा, क्रूस आणि मक्केच्या चित्राच्या टाइल्स बसवलेल्या असतात. तिथे कुणी पिचकारी मारत नाही. सर्वधर्मसमभावाचं इतकं कार्यक्षम उदाहरण मला दुसरं माहीत नाही. फक्त थुंकणारा माणूस एक मजला वर जातो आणि टाइल नसलेला कोपरा शोधतो. जागृतीचं हे असं असतं. ती माणसाला पुष्कळदा नुसती बाजूला सरकवते.

मी वाढलो मर्ढेकरांवर. फडके-खांडेकरांच्या वादात दोन पिढ्या 'कलेसाठी की जीवनासाठी' करत दमल्या होत्या. मर्ढेकरांनी मूळ प्रश्नच तपासायला घेतला. 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली आलं. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांच्या लयीतून कलाकृती उभी राहते, ती कुठल्या सत्कार्याच्या कामी आली यावरून तिची किंमत करता येत नाही, हा त्या पुस्तकातून मी उचललेला धडा. हे लिहिणारा माणूस नोकरीला आकाशवाणीत होता, म्हणजे बहुजनहिताच्या घोषवाक्याखालीच रोज बसत होता, ही गंमत मला नेहमी आवडत आली आहे. तर या कसोटीवर थर्मामीटरवाली पृथ्वी लावून पाहा. तिच्यात विरोध कुठे आहे? चित्र काढणारा सहमत, काढून घेणारा सहमत, स्कूटरवरून जाणाराही सहमत. पाणी वाया घालवावं, असं जाहीर मत असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. ज्याला कुणाचीच हरकत नाही, ते सांगून जागं कुणाला करायचं?

माझ्या मित्राचा आधार मात्र जर्मन कलावंत योसेफ बॉइस. प्रत्येक माणूस कलावंत असतो असं बॉइस मानायचा. म्हणून ब्रश धरलेलं आठवीतलं प्रत्येक पोर कलावंत, इतका सरळ हिशेब. पण बॉइसने केलं काय? १९८२ साली जर्मनीतल्या कासेलमध्ये, 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनाच्या वेळी, त्याने संग्रहालयापुढच्या चौकात बेसॉल्टचे ७,००० दगड रचायला लावले. अट अशी, की शहरात एक झाड लावायचं आणि त्याच्या शेजारी ढिगातला एक दगड रोवायचा. ढीग उरला म्हणजे तेवढी झाडं लावायची राहिली. अहवाल नको, फोटो नकोत. चौकातून जाणाऱ्या माणसाला रोज बाकी दिसत होती. १९८७ साली शेवटचं झाड लागलं, तोवर बॉइस हयात नव्हता. बेसॉल्ट आपल्याकडे कमी नाही, अख्खा सह्याद्री त्याचाच आहे. तरी आपण 'झाडे लावा' असं भिंतीवर लिहितो, आणि त्या भिंतीसाठी चार झाडं तोडलेली असतात.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडे येतो. नंदलाल बोस. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे मास्तर. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, तेही आपल्या खानदेशात, फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह असा, की अधिवेशनाची नगरी खेड्यातल्या सामानातून उभी राहावी. ती सजवायचं काम नंदलालांकडे आलं. बांबू, चटया, गवत, जे हाताशी होतं ते त्यांनी वापरलं. फैजपूरची केळी सगळ्यांना ठाऊक असतात; भारतीय सार्वजनिक कलेतला एक मोठा प्रयोग तिथे झाला, हे जळगाव जिल्ह्यातल्या चित्रकलेच्या शिक्षकांनासुद्धा सांगावं लागतं. मी सांगून पाहिलं आहे.

पुढचा टप्पा हरिपुरा. गुजरातेत, बारडोलीच्या भागात, १९३८ च्या फेब्रुवारीत. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. या अधिवेशनासाठी नंदलालांनी हातकागदावर, मातीच्या रंगांत चित्रं काढली. स्वतः ऐंशीच्या वर काढली, त्यांवरून कलाभवनाच्या विद्यार्थ्यांनी बाकीची केली, आणि सगळी मिळून सुमारे ४०० झाली. ती कुठल्या दालनात टांगली नाहीत. वेशीवर, मांडवांवर, येण्याजाण्याच्या वाटेवर लावली, म्हणजे शेतातून आलेला माणूस ती चालता चालता पाहील.

आणि त्या माणसाला काय दिसलं? ढोल वाजवणारा. कापूस पिंजणारा पिंजारी. सुतार. धान्य कांडणाऱ्या बाया. मुलाला घेतलेली आई. जाड, वेगवान रेषा, पटचित्रकारांच्या हाताची आठवण देणारी. देश स्वातंत्र्य मागत होता, अधिवेशन त्याच मागणीचं होतं. साखळदंड तोडणारी भारतमाता चारशे वेळा काढायला याहून चांगली संधी कुठली? नंदलालांनी पिंजारी काढला. चित्रावर घोषणा नाही. पिंजाऱ्याची धनुकली आणि पाठीचा बाक यांतच रेषेचा सगळा ताण आहे, आणि तो पाहणाऱ्या खऱ्या पिंजाऱ्याला, माझी खात्री आहे, आपल्याला कुणी शहाणपण शिकवतंय असं वाटलं नसेल. आपण देशाच्या दारावर आहोत, एवढं दिसलं असेल. विद्यार्थी, सामुदायिक काम, उघड्यावरची कला, सामाजिक भान: मित्राच्या यादीतलं सगळं इथे आहे, आणि शिवाय चित्रही आहे. त्यांतली बरीच चित्रं आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. म्हणजे शेवटी काचेच्या कपाटातच गेली, आणि कपाटाने त्यांचं काही बिघडवलं नाही.

इथवर लिहून मी दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी मुलीने कागद वाचले आणि विचारलं, "बाबा, मग त्या विद्यार्थ्यांनी काय केलं? कित्ताच गिरवला ना?"

बोलती बंद झाली. प्रश्न बरोबर होता. पिंजारी काढायचा हे मास्तरांनी ठरवलं, कसा काढायचा हेही त्यांनीच. शिष्यांनी तो पुन्हा पुन्हा काढला. सरांच्या मोबाइलवरची पृथ्वी मोठी करणाऱ्या मुलांत आणि त्यांच्यात फरक इतकाच, की त्यांचे सर नंदलाल बोस होते. हा फरक लहान नाही. थोर हाताची रेषा गिरवताना आपला हात घडतो, गाणं आपल्याकडे असंच शिकतात. पण तो शिक्षणाचा मुद्दा झाला. मुलांनी मिळून केलेल्या कलेचं उदाहरण म्हणून मी हरिपुरा पुढे करत होतो, आणि तिथे मिळून करण्यात मुलांचा वाटा मेहनतीचा होता. मित्राला खोडायला काढलेला दाखला निम्मा माझ्यावरच उलटला.

मग मला लॉस एंजेलिसची भिंत आठवली. तिथे टुहुंगा वॉश नावाचा ओढा पूर अडवण्यासाठी काँक्रीटच्या नाल्यात बंद केलेला आहे. १९७६ साली जुडी बाका या चित्रकर्तीने त्या नाल्याच्या भिंतीवर काम सुरू केलं. हाताशी वस्त्यांमधली पोरं; त्यांतली बरीच पोलिस-कोर्टाच्या फेऱ्यांतून आलेली. कुणाचे आजोबा मेक्सिकोचे, कुणाचे जपानचे, कुणी कृष्णवर्णीय, आणि एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणारी. त्यांना कामाचे पैसे दिले जात, ही गोष्ट आपल्याकडच्या संयोजकांनी दोनदा वाचावी. चित्राआधी इतिहास. अभ्यासकांना बोलावलं, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. १९३० नंतरच्या मंदीत मेक्सिकन कुटुंबांना गाड्यांत भरून देशाबाहेर धाडलं, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत कोंडलं; शाळेच्या पुस्तकांनी उरकलेलं असलं पुष्कळ काही भिंतीवर आलं. १९८३ पर्यंत उन्हाळ्यामागून उन्हाळे काम चाललं, चारशेहून अधिक पोरांचे हात लागले, भिंत अर्ध्या मैलाच्या पुढे गेली.

या भिंतीच्या म्हणण्याशी शहर आधीपासून सहमत नव्हतं. जे ऐकायला शहर तयार नव्हतं, ते ती सांगत होती, आणि ते काय असावं हे शोधण्यात पोरांचा हिस्सा होता. मर्ढेकरांचा विरोध मला इथे सापडला. त्यांनी तो कलाकृतीच्या आत ठेवला होता. मी तो भिंतीबाहेर, रंगवणाऱ्यांच्या भांडणात पाहतो आहे. मर्ढेकरांना हे रुचलं नसतं. पण ज्या गटात कुणी भांडलंच नाही, त्याच्या चित्रात ताण येणार कुठून? तेव्हा माझा मित्र म्हणतो ते अर्धं खरं आहे: मुलं एकत्र येतात कशी, याला किंमत आहे. विषयाची चिठ्ठी दुसऱ्याने काढून हातात दिली असेल, तर मात्र ती एकत्र आलेली नसतात. त्यांना जमवलेलं असतं.

चिठ्ठीवरून आता एक कबुली देतो. ती मी सुरुवातीलाच द्यायला हवी होती.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या भिंतीचित्र स्पर्धेला मी परीक्षक होतो. विषय चिठ्ठ्या टाकून वाटले होते. 'पाणी वाचवा' ज्या संघाला आला, त्यात पाच मुली होत्या. त्यांनी रात्रीचा टँकर काढला. एका बल्बच्या उजेडात हंड्यांची रांग, प्रत्येक हंड्यावर कोरलेलं नाव. एका हंड्याच्या जागी नुसती चप्पल, नंबर धरून ठेवलेली. टँकरवर कुणाचं तरी नाव होतं, ते संयोजकांनी पांढऱ्या रंगाने पुसायला लावलं. त्या पांढऱ्या पट्ट्याने चित्र आणखीच बोलायला लागलं. मी विचारलं, "यात संदेश काय?" त्यांच्यातली एक म्हणाली, "सर, पाणी वाचवा हे आम्हाला कशाला सांगतात? आमच्याकडे येतच नाही."

माझ्या हातात छापील गुणपत्रक होतं. रेखाटन, रंगसंगती, सहकार्य, नीटनेटकेपणा, आणि संदेशाची स्पष्टता: प्रत्येकी २० गुण. मर्ढेकर शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मी शेवटच्या रकान्यात ६ लिहिले. रकाना होता, आणि रकान्यापुढे मी नियमाने वागलो. दुसरा परीक्षक माझा हाच मित्र. त्याने त्याच रकान्यात १८ दिले होते. आमचं खरं भांडण तिथलं आहे. लेख नंतर आले.

त्याचा लेख मला आजही भोंगळ वाटतो, आणि 'परिपत्रक' हा शब्द मी अजूनही मागे घेत नाही. पण त्या दुपारी चित्र त्याला दिसलं आणि मला दिसलं नाही. पुढे ज्यांना कुणाला अशा स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणं येईल, त्यांना एवढंच सांगतो: विषयांच्या चिठ्ठ्या असतील तर जाऊ नका, आणि गेलात तर त्या शेवटच्या रकान्यावर आधी रेघ मारा.

पाच मुलींचा संघ चौथा आला. बक्षिसं तीन होती.