हिशेब कोणी मागायचा?

परवा सोसायटीच्या टपालपेट्यांत एका लोकप्रतिनिधीचा कार्यअहवाल पडला होता. गुळगुळीत कागद, पानोपानी भूमिपूजनं, शाल-श्रीफळ, हळदीकुंकू. काय राहिलं आणि का राहिलं, याची एक ओळ नाही. शेजारचे काका म्हणाले, "अहो, निदान देतोय तरी!" ते वाक्य मनातून जाईना, कारण याच ठाणे परिसराने खराखुरा हिशेब देणारा खासदार पाहिलेला आहे.

रामभाऊ म्हाळगी कडूसचे, पेशाने वकील. १९५७ मध्ये मावळातून जनसंघाचे आमदार, आणीबाणीत तुरुंगात, १९७७ मध्ये ठाण्याचे खासदार. १९८० च्या इंदिरा लाटेतही ठाण्याने त्यांना पुन्हा दिल्लीला पाठवलं. तेव्हा कल्याण-डोंबिवलीही याच मतदारसंघात होती. १९८२ मध्ये ते गेले. उत्तनची त्यांच्या नावाची प्रबोधिनी सर्वांना ठाऊक आहे. मला मोलाची वाटते ती त्यांची रीत: वर्षभरात काय केलं, ते छापून मतदारांपुढे ठेवायचं.

ही रीत मला अस्सल वकिलाची वाटते. तारखेला काय झालं, पुढची तारीख का पडली, हे अशील विचारतोच. फेटाळलेल्या अर्जाबद्दलही वकिलाला सांगावं लागतं, कारण वकीलपत्र देणारा ते काढूनही घेऊ शकतो. जाहिरात आणि हिशेब यांतला फरक हाच. जाहिरातीत नुसती जमा असते, हिशेबात बाकीही दाखवावी लागते.

अठराव्या शतकातले ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांना हे रुचलं नसतं. कायदा शिकायला ते लंडनला गेले, पण वकिली न करता लेखनाकडे वळले. अशिलाचा तगादा त्यांनी कधी सोसला नाही. १७७४ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या मतदारांना बजावलं, की प्रतिनिधी तुमचा निरोप्या नव्हे, तो स्वतःच्या विवेकाने मत देईल. मान्य. पण विवेकाने मत दिल्यावर ते का दिलं, हे सांगायला काय हरकत आहे? बर्क ब्रिस्टलला फारसे फिरकलेच नाहीत. १७८० मध्ये त्यांना ती जागा सोडावी लागली.

इथवर माझा रोख प्रतिनिधींवरच होता. पण नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाच्या कारभारात गेली. त्या काळात प्रभागात नगरसेवकच नव्हता. निवडणुका न्यायालयात अडकल्या होत्या, हे खरं. पण खड्ड्यांवर आणि पाण्यावर चिडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी प्रभाग कार्यालयात जाऊन खर्चाचे कागद मागितले? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. तो वापरायला नगरसेवक लागत नाही.

म्हाळगींनी आपणहून हिशेब दिला, हा त्यांचा मोठेपणा. लोकशाही मात्र एकाच्या मोठेपणावर चालत नाही. अशील उंबरठा झिजवतो, म्हणून वकिलाला बोलावं लागतं. मतदाराने तशी चिकाटी धरली, तर प्रतिनिधी वकील असो वा नसो, त्याला हिशेब द्यावाच लागेल.