तरंगती लादी

"मामा, फ्लो म्हणजे वाहणं ना?" घरी ओसरीवर बसून भाचीनं विचारलं. तिच्या इंग्रजी पुस्तकात एक पांढरं अस्वल 'फ्लो'वर बसलेलं होतं. वाहण्यावर अस्वल बसणार कसं? पण चूक तिची नव्हती. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळ्या अक्षरांनी लिहितात, उच्चार मात्र एकच. देवनागरीत तर दोघांत काही फरकच उरत नाही. एक फ्लो म्हणजे प्रवाह. दुसरा बहुधा नॉर्वेच्या भाषेतून आलेला, मूळ अर्थ थर. समुद्राचं पाणी गोठून झालेला बर्फाचा सपाट, तरंगता तुकडा म्हणजे हा दुसरा फ्लो.

मी सवयीनं 'हिमनग' म्हणणार होतो, पण जीभ आवरली. नग म्हणजे जो जात नाही तो, पर्वत. हिमनगाला पर्वताची उंची असते आणि त्याचा जन्मही जमिनीवरचा. बर्फाचे थर वर्षानुवर्षं साचून, दाबले जाऊन हिमनदी होते. ती सरकत सरकत समुद्राला भिडते आणि तिचा कडा तुटून पाण्यात कोसळतो. म्हणून हिमनगाचं पाणी गोडं. फ्लोचं कूळच निराळं. त्यानं जमीन पाहिलेली नसते. आपण दोघांनाही हिमनग म्हणून मोकळे होतो, तेव्हा हा जन्माचा फरकच पुसला जातो.

मग त्याला म्हणायचं काय? मला आमच्याकडची मे महिन्यातली लग्नं आठवली. भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी यायची आणि पाण्याच्या टाकीत सोडायची. आम्ही पोरं काठाला ओठंगून बघायचो. बारा बोटं जाडीची लादी असली तर पाण्यावर एक बोटच दिसायची. कडेला काचेसारखी नितळ आणि मधोमध पांढरट. हे पांढरं का, याचं उत्तर फार पुढे कळलं. कारखान्यात पाण्याचे डबे मिठाच्या थंडगार पाण्यात उभे करतात. डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत जातं. गोठताना बर्फ स्वतःत दुसरं काही सामावून घेत नाही. विरघळलेली हवा, क्षार सगळं आत ढकलत नेतो आणि ते मधे अडकून पडतं.

समुद्रातही हेच चालतं. खारं पाणी शून्याला गोठत नाही, साधारण उणे 1.8 अंशांना गोठतं. गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं. थोडं खारं पाणी बारीक पोकळ्यांत अडकतं, तेही हळूहळू खाली झिरपतं. म्हणून बर्फ जुना झाला की तो वितळवून पिता येतो. एरवी खारट समुद्रातून निघालेलं हे गोडं पाणी मला आजही नवलाचं वाटतं.

तेव्हा फ्लोला 'लादी' म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. हिमखंड, हिमपट असे शब्द घडवता येतात, पण लादी म्हटलं की सपाटपणा, जाडी आणि पाण्यावरचं ते डोलणं एकदम डोळ्यांपुढे येतं. दोन मीटर जाडीची लादी समुद्रावर जेमतेम वीतभर दिसते.

आणि या लाद्यांवर माणसं राहिली आहेत. 1915 मध्ये शोधप्रवासी शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात चिरडलं गेलं. 28 माणसांनी ऑक्टोबरअखेर जहाज सोडलं आणि बर्फावरच तंबू ठोकले. पुढच्या एप्रिलमध्ये पायाखालची लादी दुभंगू लागली, तेव्हा कुठे ते होड्यांत उतरले. पाच महिन्यांवर त्यांचं अंगण वाहत होतं. म्हणजे भाचीनं लावलेला अर्थही अगदीच परका नव्हता. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 ला गोव्याहून तिकडेच निघाली. अशा लाद्यांच्या पट्ट्यातून वाट काढतच तिकडे पोचावं लागतं.

भाचीनं पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं 'लादी' लिहिलं. मग चित्राकडे बघत म्हणाली, "पण एवढं अस्वल बसलं तर ती बुडणार नाही?"

आम्ही वहीवर गणित मांडलं. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद लादी. अस्वल चारशे किलोचं. उत्तर दीड-पावणेदोन सेंटिमीटर आलं. तिनं स्वतःचं बोट आडवं धरून पाहिलं. तेवढीच खाली जाते.