वकील आणि गवत

वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यवतमाळला वकिली करत. कायद्याची कलमं त्यांना कुणी शिकवायला नको होती. तरी जुलै १९३० मध्ये पुसदला त्यांनी सत्याग्रह म्हणून राखीव जंगलातलं गवत उघडपणे कापलं आणि शिक्षा भोगली. हे कुठल्या लॉ कॉलेजच्या पेपरात विचारतात?

कायदा पेपराबाहेर, माणसांत न्यायचा असतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं आदिवासींना, स्त्रियांना, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील दिला. तो उपकार नाही, हक्क आहे. आपल्याकडे मात्र विधी शिबिर म्हणजे बॅनर, हार, फोटो! झरी जामणीच्या कोलाम आदिवासी बाईचा वनहक्काचा दावा फेटाळला गेला, तर अपील कुठं करायचं, हे कायद्याच्या विद्यार्थ्यानं तिच्या अंगणात बसून सांगावं, अर्ज लिहून द्यावा. त्या कामाचे गुण परीक्षेत मिळावेत.